बीपीच्या दिवशी पिशवी घेऊन या

तपासणीच्या दिवशी आमच्या उपकेंद्रात म्हातारी माणसं जोडीनं येतात. डोकरा पुढे, डोकरी चार पावलं मागे. रक्तदाबाचा पट्टा आधी डोकऱ्याच्या दंडाला बांधायचा हे ठरलेलं, आणि त्याचा आकडा डोकरीला सांगायचा हेही ठरलेलं. गोळी कुठली, कधी, जेवणाआधी की नंतर, हे तिच्या लक्षात राहतं. बँकेचं पुस्तक कुठं खोचलंय, रेशनकार्ड कुणाच्या घरी दिलंय, वनहक्काच्या पट्ट्याची झेरॉक्स कोणत्या मोर्चाच्या वेळी काढली होती, हे त्याच्या. एकाचं औषध दुसरीला ठाऊक आणि तिचे कागद त्याला. दोघांतलं एक गेलं की मागे राहिलेल्याची अर्धी माहिती त्याच्याबरोबर जाते. मी कागदांच्या या कामात पडले ती इथून.

मी गटप्रवर्तक आहे. वीसेक आशांच्या कामाची जुळवाजुळव करायची, त्यांचे अहवाल प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवायचे, लसीकरण असो की सिकलसेलची तपासणी, काही मागे राहिलं की पाड्यावर जाऊन बघायचं. आधी डहाणू तालुक्यात गंजाडच्या बाजूला होते, आता तलासरीत. इथून एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला दादरा-नगर हवेली. तरणी माणसं पहाटे उंबरगाव-वापीच्या कारखान्यांकडे निघून जातात, काही बोटीवर खलाशी, काही पावसाळा संपला की वीटभट्टीवर. दिवसा पाड्यात उरतात ती म्हातारी, लहान पोरं आणि कोंबड्या.

तपासणीत नवं काही नाही. आशा घरोघर जाऊन तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरते: तंबाखू किती, दारू किती, कंबर किती, घरात कुणाला साखर होती का. मग ठरलेल्या दिवशी उपकेंद्रात (आता त्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणायचं) समुदाय आरोग्य अधिकारी मॅडम बीपी घेतात, बोटाला टोचून साखर बघतात, टॉर्च लावून तोंडात पांढरा चट्टा आहे का ते पाहतात. मशेरीवाल्या बायका तोंड उघडायला लाजतात. बीपी १४०-९० च्या वर सारखं राहिलं की डॉक्टरांकडे, आणि गोळ्या सुरू झाल्या की महिन्याच्या महिन्याला पुढचा साठा आमच्याकडून.

एका जोडप्याला गोळ्या सुरू होऊन वर्ष झालं होतं, तरी डोकरीला चक्कर येई. त्याला बीपी आणि साखर दोन्ही, तिला नुसतं बीपी. मी म्हटलं, गोळ्या आणून दाखवा. पुढच्या वेळी तिनं पावडरचा एक रिकामा डबा आणला. पाकिटं उंदीर कुरतडतात म्हणून दोघांच्या सगळ्या गोळ्या तिनं सोलून त्यात एकत्र ओतल्या होत्या. सगळ्या पांढऱ्या. सकाळी दोघांनी दोन-दोन घ्यायच्या, हिशेब सरळ. साखरेची गोळी तिच्या पोटात जात होती ती अशी. पाकिटाचा रंग बघून ओळखा, असं आम्ही सांगतो खरं, पण नवा साठा येतो तेव्हा कंपनी बदललेली असते आणि रंगही बदललेला असतो. मॅडमनी दोन डबे करायला लावले, त्याच्या डब्याला लाल दोरा. महिन्याभरात चक्कर थांबली.

त्याच दिवशी डबा काढताना तिनं पिशवीही बाकावर उलटी केली होती. खताच्या दुकानाची जाड प्लास्टिकची पिशवी. त्यातून दोन आधारकार्डं, वनहक्काचा पट्टा, सातबाराचे दोन-तीन जुने उतारे, बँकेचं पुस्तक, नातीचं सिकलसेलचं कार्ड, एका मेलेल्या बैलाच्या विम्याचा कागद आणि कुठल्याशा पुढाऱ्याचं लग्नाचं निमंत्रण बाहेर पडलं. निमंत्रण का ठेवलं, विचारल्यावर तिचा डोकरा (त्यांना मी बाबा म्हणते, तिला आजी) म्हणाला, "सोनेरी आहे." बाकीचे कागद मी एकेक उघडून वाचून दाखवले आणि तेव्हापासून सगळ्यांना सांगायला लागले: बीपीच्या दिवशी पिशवी घेऊन या.

हा दिवस यासाठी बरा, हे माझं मत अनुभवानं पक्कं होत गेलंय. माणूस आजारी पडलं की कागदाचं कुणी बोलत नाही, वाईट दिसतं. गेलं की सगळे कागदच शोधतात, पण सांगणारं माणूस नसतं. आणि एरवी घरात मुलानं विषय काढला तर "आमच्या मरणावर टपलाय" हे ठरलेलं. बीपीच्या दिवशी मात्र भीती कमी असते. आकडा बरा आलेला, बाकावर बसून गप्पा, चहा. तेव्हा पट्ट्यावर नाव बरोबर आहे का हे विचारणं म्हणजे तपासणीतलीच आणखी एक ओळ वाटते.

बाबांच्या वयाचंच घ्या. आधारकार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९५७. ज्यांची तारीख कुणालाच माहीत नव्हती त्या सगळ्यांचा जन्म शिबिरवाल्यांनी १ जानेवारीला करून टाकला, त्यातले हे एक. पण त्यांची आई सांगायची की तलवाड्याला वारल्यांवर गोळ्या झाडल्या तेव्हा हा कडेवर होता. तो गोळीबार १० ऑक्टोबर १९४५ चा. झरीच्या सभेनंतर जमीनदारांविरुद्ध वारल्यांचा लढा पेटला ते वर्ष. म्हणजे बाबा ऐंशीच्या आसपास, आणि कागदावर बारा वर्षांनी तरुण. आजीचं साल मात्र १९५३. कागदावर डोकरी डोकऱ्याहून चार वर्षांनी मोठी, हे कळल्यावर ती इतकी हसली की मॅडमनी बीपी पुन्हा घ्यायचं म्हणून पट्टा सोडून ठेवला.

हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, पाच लाखांपर्यंतचे उपचार. तिला मिळालं. त्यांना, खऱ्या वयानं पहिला हक्क असून, नाही. आधारची तारीख बदलायला जन्माचा पुरावा लागतो, आणि कडेवरच्या पोराची नोंद तेव्हा कोण करत होतं? श्रावणबाळ योजनेला सरकारी डॉक्टरांचा वयाचा दाखला चालला, त्यामुळे दरमहाचे पंधराशे सुरू आहेत. तेही वर्षातून एकदा हयातीचा दाखला देऊन. मशीनवर अंगठा लागत नाही. भातलावणी आणि गवतकापणीत आयुष्य काढलेल्या बोटांवर रेषाच उरत नाहीत. माणूस समोर उभं असून जिवंत असल्याचं सिद्ध होईना म्हणून चार-चारदा अंगठा पुसून ठेवणारी म्हातारी मी दर वर्षी बघते.

लग्नाचंही तसंच. आमच्याकडे लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून नुसतं एकत्र नांदायला लागलेली कितीतरी जोडपी असतात. पोरं होतात, मोठी होतात, मग कधीतरी सामुदायिक विवाहात आई-बाप हळद लावून बसतात. या दोघांचं तसंच झालं. म्हणून दाखल्यावर लग्नाची तारीख थोरल्या मुलाच्या जन्मानंतर बऱ्याच वर्षांची. एका कचेरीत कारकुनानं चष्म्यावरून बघत विचारलं, मुलगा आधी कसा? आजी म्हणाली, "तो घाईत होता."

पण या सगळ्या गोंधळात एक कागद अस्सल सरळ निघाला: वनहक्काचा पट्टा. २००६ च्या वनहक्क कायद्यात लिहूनच ठेवलंय की नवरा-बायको असतील तर हक्क दोघांच्या नावे संयुक्त नोंदवायचा. तो वारसानं पुढे जातो, विकता येत नाही, कुणाला देऊनही टाकता येत नाही. घरच्या मूळ जमिनीच्या सातबारावर आजीचं नाव कुठंच नाही, तिथं अजून बाबांच्या बापाचं नाव आणि पुढे 'ए.कु.मॅ.'. बाप जाऊन कित्येक वर्षं झाली, तरी एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून कागदावर नांदतोय. जंगलातल्या तुकड्यावर मात्र तिचा फोटो आणि नाव, नवऱ्याच्या बरोबरीनं. बाबा गेले तर त्या पट्ट्यावर ती नव्यानं वारस लागत नाही, ती आधीपासूनच मालकीण. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिनं पट्टा माझ्या हातातून घेतला आणि पिशवीत सगळ्यात खाली ठेवला. विश्वास ठेवायचा कागद खाली, उंदरांसाठी वरचे.

हा पट्टा नीट करून मिळावा म्हणून त्यांचा धाकटा मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेला होता. ६ तारखेला निघालेला तो लाल टोप्यांचा शेतकरी मोर्चा १२ ला मुंबईत पोचला. पोराच्या पायाला फोड आले होते ते बाबा अजून सांगतात. मोर्चा वाटेत असताना, ९ मार्चला, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयानं दुसऱ्याच एका कागदाचा निकाल दिला. शुद्धीत असताना माणसानं लिहून ठेवावं की मी बरं होण्यापलीकडे गेलो तर मला यंत्रावर जगवत ठेवू नका, आणि ते लिहिणं कायद्यानं मानलं जावं. इंग्रजी वर्तमानपत्रं त्याला लिव्हिंग विल म्हणतात.

निकालाच्या तीनेक महिने आधी गिरगावातल्या नारायण आणि इरावती लवाटे या वृद्ध दाम्पत्यानं राष्ट्रपतींना पत्र लिहिलं होतं: मूलबाळ नाही, मोठा आजारही नाही, पण पुढे कुणावर भार होण्याआधी दोघांना एकत्र मरण्याची परवानगी द्या. ती मिळणार नव्हतीच. केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ पासून बेचाळीस वर्षं त्याच रुग्णालयात पडून राहिल्या, त्यांच्या खटल्यात २०११ साली न्यायालयानं उपचार थांबवण्यापुरतं दार किलकिलं केलं, आणि २०१८ ला ते उघडलं तेही तेवढंच. लवाट्यांच्या पत्राची बातमी मी वाचली तेव्हा माझ्या मनात आलं, आमच्या पाड्यावर मरण मागणारं कुणी मला भेटलेलं नाही. मागतात ते वेगळं. "गाडीत घालून नेऊ नका."

गाडी म्हणजे सीमेपलीकडची. तलासरीला ग्रामीण रुग्णालय आहे, कासा-डहाणूला उपजिल्हा रुग्णालयं. त्यापुढे काही लागलं की घरच्यांना वापी, वलसाड, सिल्वासा जवळचं. महामार्गावर गाडी लागली की तासाभराचा प्रश्न. नेणाऱ्यांना मी दोष देत नाही, कित्येक जण त्यामुळेच वाचलेत. पण एका घरातली म्हातारी तिकडच्या एका खासगी दवाखान्यात तिसऱ्या दिवशी गेली. प्रेत आणायला गाडी ठरवली, तिचे पैसे बोटीच्या शेठकडून उचल घेऊन दिले. इथवर सगळे कसेतरी निभावतात. खरी गंमत नंतर. मृत्यूची नोंद माणूस जिथं मेलं तिथं होते. दाखला आला तो गुजरातीत, आणि तिकडच्या रीतीनं म्हातारीच्या नावापुढे 'बेन' आणि नवऱ्याच्या नावापुढे 'भाई'. इथल्या टेबलावर सातबाराच्या नावाशी ते जुळेना. ही बाई तीच, याचं प्रतिज्ञापत्र करा, असं सांगण्यात आलं. सत्तरीच्या माणसानं तहसीलच्या आवारात बसून लिहून द्यायचं की जी मेली ती आपलीच बायको होती.

तीच म्हातारी घरी गेली असती तर ग्रामपंचायतीत एकवीस दिवसांत नोंद, फी नाही, मराठीत दाखला. तेवढ्यात न केलं तर विलंब शुल्क, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश. आमच्यात दिवसकार्याच्या गडबडीत एकवीस दिवस कसे जातात ते कळत नाही, म्हणून मी आशांना सांगून ठेवलंय: पाड्यात कुणी गेलं की सांत्वनाला जाल तेव्हा आधारची झेरॉक्स मागून घ्या. सुरुवातीला त्यांना लाज वाटायची.

बाबा-आजींना मी लिव्हिंग विलचं समजावलं ते एका अशाच दिवशी, साखर बरी आल्यावर. २०१८ च्या निकालात न्यायदंडाधिकाऱ्यासमोर सही करायची होती, तिथंच गाडं अडलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानं ते सोपं केलं. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. पुढे रुग्णालयात डॉक्टरांची दोन मंडळं, ज्यांनी अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं. त्या कागदाची प्रत सांभाळायला स्थानिक संस्थेत अधिकारी असावा, हेही त्यातच आहे. ते नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले, तेव्हा राज्य सरकारनं नेमणुका केल्या. एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरला द्यायची असंही नियमात आहे. आमच्याकडे कुटुंबाचा डॉक्टर म्हणजे आधी भगत, मग आशा, मग ज्याची गाडी आहे तो शेजारी. नियम करणाऱ्यांनी हा क्रम बघितलेला नसावा.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि अटी सांगितल्या. मशीन नको. नळी नको. वलसाड नको. "पण सलाईन लावायची." मॅडम हसल्या. मी नाही हसले, कारण त्यात चूक काय? सलाईन म्हणजे आपल्याकडे कुणीतरी बघतंय, एवढंच त्यांना हवं होतं. कागदावर हे लिहिताना नीट उलगडूनच लिहायला हवं, काय चालेल आणि काय नको. 'काहीही करू नका' असं मोघम लिहिलेला कागद मुलांना जास्त घाबरवतो.

आजीला यंत्रांत रस नव्हता. तिला मुलीचं विचारायचं होतं. दोन मुलगे, एक मुलगी, मुलगी नवऱ्यानं टाकलेली, माहेरीच राहते. तिच्या नावे काही करता येईल का? इथं मी जपून बोलते. आदिवासींना हिंदू उत्तराधिकार कायदा लागू नाही, रूढी चालते, आणि रूढीत मुलीला काय, हे ज्यानं-त्यानं आपल्या सोयीनं सांगायचं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका आदिवासी बाईच्या वारसांच्या बाजूनं निकाल देताना म्हटलं की मुलींना वगळण्याची रूढी सिद्ध होत नसेल तर त्यांना समान वाटा नाकारता येणार नाही. ते मी सांगितलं, आणि पुढचं वकिलाला विचारा म्हणून सांगितलं. अनुसूचित जमातीच्या माणसाला विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. हे तालुक्यात फार थोड्यांना माहीत आहे.

वकिलाविना करता येईल तेवढं आम्ही केलं. २०२५ च्या एप्रिलपासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली, मेलेल्यांची नावं काढून वारस लावायची. त्यात बाबांच्या बापाची वारस नोंद घातली. बँकेत बाबांच्या खात्यावर नामनिर्देशित व्यक्ती म्हणून त्यांचा भाऊ होता, जो केव्हाच वारला. तिथं आजीचं नाव लावलं. नामनिर्देशित म्हणजे मालक नव्हे, पैसे ताब्यात घेऊन वारसांना देणारा, हेही सांगावं लागतं. शहरात तरी कुठं सगळ्यांना ठाऊक असतं? 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकरांच्या पश्चात त्यांच्या गुंतवणुकीवरून याच मुद्द्यावर वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये निकाल लागला की नामनिर्देशनानं वारसाहक्क हटत नाही. घराघरांत भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरचं घर ते. मग खताच्या पिशवीत कागद ठेवणाऱ्यांना मी काय बोलू?

राहिला तो यंत्राचा कागद. नोटरीसाठी डहाणूला जायचं तर गाडीभाडं आणि रोज बुडणार. मला सुचलं की प्राथमिक आरोग्य केंद्रातले कायम डॉक्टर राजपत्रित अधिकारीच असतात. ज्या टेबलावर बीपी मोजतो तिथंच सही होऊ शकते. डॉक्टरांना विचारलं. असा कागद त्यांच्याकडे आजवर कुणी आणलेला नव्हता. "वरून विचारून सांगतो," म्हणाले. विचारलंय, उत्तर यायचंय. तोवर आम्ही मसुदा लिहून ठेवतोय. साध्या मराठीत, सलाईनसकट.

मसुद्यात एक ओळ असते, आपण बोलू शकलो नाही तर आपल्या वतीनं कोण सांगेल. बाबा म्हणाले, "डोकरी." आजी म्हणाली, "आणि मी आधी गेले तर? तू काय सांगशील, माझी गोळी कुठली तेसुद्धा ठाऊक नाही तुला." खरं होतं. आता एकाहून जास्त नावं देता येतात, म्हणून मी दुसरं नाव विचारलं. बाबांनी मुलीचं सांगितलं. दारात उभा असलेला धाकटा काही बोलला नाही, बाहेर जाऊन मोटारसायकलला किक मारत बसला. ती काही सुरू होईना. आजीनं हाक मारली, "अरे, तिसरं तुझं लिहितोय, आत ये." मग मला हळूच म्हणाली, "बाय, लिही तिसरं, पण मुलीचं दुसरंच राहू दे."